आंगुस्तियास: एका नावाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मला ना हात ना पाय. मी एक जुनं नाव आहे, आंगुस्तियास. अर्थ विचाराल तर जिवाची घालमेल. स्पेनमधल्या आमच्या ग्रानादा शहरात मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या मारियामातेची मूर्ती आहे. तिच्या दुःखातून माझा जन्म झाला.

पूर्वी माझी केवढी ऐट! बाई बाळंतपणात अडली, की घरचे मातेला नवस बोलत. मुलगी सुखरूप झाली, की मला बोलावणं आलंच. सप्टेंबरात मातेच्या सणाला चर्चपुढच्या रस्त्यावर कोणी "आंगुस्तियास!" म्हणून हाक मारली, तर दहा बायका वळून बघत.

मग दिवस फिरले. "हे काय मेलं रडकं नाव!" म्हणत मुलींनी मला काळ्या शालीसारखं कपाटात टाकलं. एका घरात तर मी एकट्या म्हातारीपाशी उरले. आंगुस्तियास आजी.

यंदा सणाला भोपळ्याचा मुरंबा भरलेल्या गोड रोट्या आणून सगळे तिच्याकडे जमले. नात एस्त्रेया पोटुशी होती.

"आजी, मुलगी आहे. तुझंच नाव ठेवते."

मी हरखले. आजीचा मुलगा रामिरो हसला. "ठेव बाई, ठेव. नाहीतर म्हातारी मला जेवायला घालायची नाही!"

आजीने हातातला तुकडा ताटलीत ठेवला. "नको."

"अगं आई, सणासुदीला काय हे अभद्र?"

"तू गप रे. हे नाव माझं आहे कुठे? माझ्याआधी एक आंगुस्तियास होती. माझी बहीण. दोन वर्षांची होऊन गेली. मग मी झाले, आणि आईने तिचा झगा आणि तिचं नाव, दोन्ही माझ्या अंगावर चढवलं. या सणाला मेणबत्ती लागायची, ती तिच्यासाठी. आई हाक मला मारायची आणि बघायची माझ्या मागे. झगा आखूड झाला, टाकून दिला. हे कुठे टाकू?"

एस्त्रेयाने हळूच विचारलं, "मग काय ठेवू गं?"

"घरात आजवर कोणाचंच नव्हतं, ते."

नातीच्या ओठांवर आलेली मी तशीच मागे फिरले. पुढे बाळ झालं. नाव ठेवलं वेगा.

आजीवर राग नाही माझा. न विचारता गळ्यात पडले, तरी जन्मभर वागवलं बिचारीने. ती गेली, की या घरात मी फक्त थडग्यावर राहीन. तिथे मी आधीपासून आहेच, त्या चिमुरडीच्या दगडावर. दोघींना एकाच दगडाखाली निजवलं, तर मला पुन्हा कोरावंही लागणार नाही.

एवढंच सांगते, मित्रांनो. नावं जुनी ठेवा, नवी ठेवा. पण ज्याला हाक मारता ना, बघा त्याच्याचकडे.