चोराला कुणी येत नाही, भांडणाला येतात

आमच्या गल्लीत चोऱ्या वाढल्या आणि माणसांच्या गोगलगायी झाल्या. न्हाव्याचं दुकान फुटलं तेव्हा तो "चोर! चोर!" करून घसा फाटेस्तोवर ओरडला. उघडी होती ती दारंसुद्धा धडाधड बंद झाली! मी गल्लीची बैठक बोलावली, तर बैठकीला मी आणि खुर्च्या.

त्या दुपारी गॅलरीत केस विंचरत होते. बघते तर काय, समोरच्या शिंपिणीच्या खोलीतून दोन दांडगे तिची शिलाई मशीन उचलून बाहेर काढताहेत! शिंपीण बटणं आणायला गेलेली. तिनं माझ्या सुनेचा झगा आखूड शिवला तेव्हापासून आमचा दोघींचा अबोला. पण त्या मशीनवर तिची लेकरं जेवतात. दुरुस्तीला चालली म्हणावी, तर सुईखाली अर्धा शिवलेला सदरा लोंबत होता. अर्धं काम ती बया कुणाच्या बापाला हलवू द्यायची नाही!

"चोर" म्हटलं असतं तर पुन्हा कड्याच वाजल्या असत्या. मी बाह्या सरसावल्या.

"अगं ए कात्रीतोंडे! माझ्या सुनेचा झगा आखूड करतेस? ये बाहेर, तुझी सगळी शिवण उसवते!"

काय सांगू! खिडक्या उघडल्या, जिने दणाणले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? न्हावी वस्तरा घेऊन आला, मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. सून पिठाच्या हातांनी धावली.

"अहो आई, ओरडू नका! आखूड शिव म्हणून मीच सांगितलं होतं!"

"तुझं नंतर बघते! आधी ती मशीन धरा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गर्दीत चोरांना पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तरा बघून त्यांनी मशीन अशी हळू टेकवली, जणू तान्हं बाळ!

पोलीस त्यांना घेऊन गेले तेवढ्यात शिंपीण आली. न्हाव्यानं तिला सगळं सांगितलं, माझ्या शिव्यांसकट. तिनं मशीनचं चाक एकदा फिरवून बघितलं. फिरलं. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"कात्रीतोंडी कुणाला म्हणालात, काकू?"

"तुलाच."

"मग आत या. चहा घेऊन भांडू."

बैठक तिथंच तिच्या दारात झाली, एकही खुर्ची न मांडता. ठरलं असं, की चोर दिसला तर ज्याचं घर त्याच्या नावानं भांडण काढायचं. न्हाव्यानं तर लगेच सराव सुरू केला!

शिंपिणीशी अबोला संपला. तो वाया कशाला घालवा? सध्या सुनेकडे वळवलाय.