सासऱ्यांची गाडी

मेकॅनिकच्या सासऱ्यांची ऑटोमॅटिक गाडी तीस वर्षांची होती. गिअर टाकला की ती आधी विचार करायची, मग धक्का देऊन निघायची, आणि ब्रेक दाबला की कुंथत कुंथत थांबायची. त्यामुळे सासरे घराबाहेर पडत नसत आणि जावई सुखात होता.

"जगाच्या गाड्या दुरुस्त करता, बाबांची तेवढी होत नाही?" असं बायको उठता-बसता म्हणू लागली, तेव्हा त्याने नाइलाजाने गाडी गॅरेजमध्ये आणली. पण एकदा हात घातल्यावर अर्धवट काम त्याच्याने होईना. त्याने गिअरबॉक्स उतरवून झिजलेल्या क्लच प्लेटा बदलल्या, करपलेलं तेल काढून टाकलं आणि चारी चाकांचे ब्रेक नवे केले. आता गिअर कधी बदलला तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला सासरे गॅरेजच्या दारात हजर! मग ते रोजच येऊ लागले आणि गिऱ्हाइकांना सल्लेही देऊ लागले.

एकदा मात्र अकरा वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता. फोनही उचलत नव्हते. ब्रेक आपणच बसवलेत, हे आठवून जावयाने हातातला पाना खाली टाकला. तो शोधायला निघणार, तोच गाडी अलगद आत शिरली. आत सासऱ्यांबरोबर आणखी तीन म्हातारे होते.

"यांच्याही गाड्या जुन्याच आहेत," सासरे कौतुकाने म्हणाले. "सावकाश कर हो, आम्ही बसतो इथेच."

जावयाचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग त्याने कपाळाला हात लावला.