मंगळवारचं उधाण

मंगळवारी लगीन नको, पाण्यामधी नाव नको,
मंगळवारी सोडून जाया आपुलाच गाव नको.

आमच्या गालिसियाच्या किनाऱ्यावर हे पोरांना घुटीबरोबर मिळतं. त्यात तारीख तेरा असली, की बाप्ये जाळंसुद्धा शिवायला घेत नाहीत.

दोसिंदाची होडी नेमकी त्याच दिवशी पाण्यात लोटायची होती. नवरा आमारो बुडाल्यावर तिनं हट्टानं नवी बांधून घेतली होती. पण ज्या छपराखाली होडी उभी होती तिथवर समुद्र येतो फक्त मार्चात आणि सप्टेंबरात, तोही उधाण शिगेला पोचलं तर. या मार्चात ती शीग मंगळवारी होती. बुधवारी पाणी छपराच्या अलीकडेच थांबलं असतं आणि उन्हाळ्यातली सगळी तारली मासळी हातची गेली असती.

बाप्यांनी तोड काढली. सोमवारी संध्याकाळी होडी वीतभर सरकवून ठेवू, म्हणजे आरंभ सोमवारचा. मंगळवारला काय कळतंय?

दोसिंदा ऐकेना. चोरून कशाला, म्हणाली. पुढंमागं एक खिळा ढिला झाला तरी तुम्ही मंगळवारच्याच माथी माराल.

मग ते गुत्त्यात जाऊन बसले.

मंगळवारी दुपारी होडीपुढं तिची सासू उभी, बाल्बिना. काळ्या कपड्यांत, काठीसारखी ताठ.

"एक मुलगा मंगळवारनं नेला. आता तूही?"

"मंगळवारनं नाही, आई. कुजलेल्या फळीनं नेला. उद्या बदलतो, उद्या बदलतो, म्हणत राहिला. तुमच्यासमोरच म्हणायचा."

बाल्बिना बाजूला झाली. घरी मात्र गेली नाही.

आम्ही बायका सकाळपासून ओहोटीच्या वाळूत तिसऱ्या शिंपल्या खणत होतो. उधाणाच्या दिवशी समुद्र जितका लांब जातो, तितकाच आत येतो; तिसऱ्या काही वार बघून वर येत नाहीत. एर्मिनिया म्हणाली, "जन्मभर मंगळवारी गुडघाभर पाण्यात वाकलोय आपण. तेव्हा कुणी अडवलं नाही ते?" आम्ही हसलो, दाताळी टाकली आणि होडीला खांदे लावले.

चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून होडी कुरकुरत निघाली. पाण्याच्या काठाशी येऊन रुतली. लाट आली, होडीच्या बुडाला चाटून थबकली. आता पाणी फिरणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"अजून एकदा," दोसिंदा म्हणाली. होडी हलली नाही. "अजून एकदा."

तेव्हा बाल्बिना आली. समुद्राकडं पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि आमच्या खांद्यांच्या मधे आपली पाठ होडीला टेकवली.

"मी बघत नाहीये," म्हणाली. "ढकला."

होडी गेली. म्हातारी धपकन पाण्यात बसली. दोसिंदानं होडीत उडी मारून वल्ही धरली होती.

"तरंगतेय का?" बाल्बिनानं डोळे न उघडताच विचारलं.

"स्वतःच बघा की, मावशी," एर्मिनिया म्हणाली.

पाण्यावरून दोसिंदाची हाक आली. समोरच्या बेटाला वळसा घालून येते, म्हणत होती.

बाल्बिना उठली, ओला घागरा पिळला आणि समुद्राकडं तोंड केलं.

"अंधाराच्या आत ये," ती म्हणाली. "रस्सा थंड होईल."