छपराखालची बाई

भंतेंनी चष्मा कपाळावर सरकवला, वही डोळ्यांजवळ नेली आणि ते हसले.

“गुरुजी, हे कुठून उतरवून घेतलंत? काडेपेटीवरचा मजकूर आहे हा.”

तातेराव गुरुजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बौद्ध ग्रंथांची जुनी भाषांतरं वाचता यावीत म्हणून हे भंते सहा वर्षं चिनी शिकले होते. ते कळल्यामुळंच राजूरचा कार्यक्रम संपल्यावर गुरुजी मागं थांबले होते.

“पण ही अक्षरं म्हणजे चित्रंच ना? हे छप्पर, त्याखाली बाई. आणि हा हात वर केलेला माणूस.”

“छप्पर आणि बाई बरोबर. पण दोन्ही मिळून अर्थ होतो सुखरूप. पुढचं अक्षर जोडलं की ‘सुरक्षित’. तुमचा माणूस म्हणजे जाळ आहे. आणि शेवटचं, जळण. त्यात खाली लाकूड आहे, वरचा भाग निव्वळ उच्चारासाठी. सगळं मिळून, सेफ्टी काडेपेटी. काही अक्षरं मुळात चित्रं होती, फार पूर्वी. बाकीची बहुतेक अशीच, अर्धी अर्थाची, अर्धी आवाजाची. चित्र समजून वाचायला गेलं की फसायला होतं. सगळेच फसतात.”

भंते ते मायेनं म्हणाले होते. गुरुजींनी वही मिटली.

अकरा वर्षांपूर्वी, बासष्टच्या लढाईनंतर, चीनच्या कैदेतून सुटून गावचा पुंजाराम केदारखेड्याला आला, तेव्हा तो कागद त्यानं आणला होता. त्याच्याच पलटणीतला वसंता तिथं कैदेत आजारी पडला, चिन्यांनी त्याला दुसरीकडं हलवलं, आणि त्याच्या अंथरुणात एवढंच मागं राहिलं. वसंताची आई चांगुणाबाई तो कागद घेऊन थेट शाळेत आली. वस्तीतले पहिले मास्तर तातेराव. त्यांना येत नाही असं काही असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि त्यांनाही ‘येत नाही’ म्हणायची सवय नव्हती. चिनी लिपी म्हणजे चित्रं, असं एका मासिकात त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

“छपराखाली बाई बसलीय,” त्यांनी वाचून दाखवलं होतं. “आणि हा माणूस हात करून बोलावतोय. वसंता जिवंत आहे, आई. कुणाच्या तरी घरात आहे.”

तीन दिवसांची उपाशी चांगुणाबाई त्या दिवशी भाकरी जेवली. पुढं सरकारनं वसंता गेल्याचं कळवलं, तरी तिनं मानलं नाही. त्याची बायको नंदाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची. दुसरं लग्न लावू म्हणून तिचा भाऊ न्यायला आला, तर चांगुणाबाई दारात आडवी झाली. “गुरुजींनी वाचलंय. जित्या माणसाची बायको हाय ती.”

एस.टी.तून उतरून गुरुजी घरी न जाता तसेच तिकडं गेले. नंदाबाई अंगणात तूर पाखडत होती. चांगुणाबाई आत बाजेवर पडलेली. आता तिला दिसत नव्हतं.

“नंदा, तो कागद मी चुकीचा वाचला,” गुरुजी उभ्याउभ्याच म्हणाले. “काडेपेटीचा होता. त्यात वसंताचं काहीच नव्हतं.”

सूप थांबलं. ती रडेल, नाहीतर हाकलून देईल, या दोन्हींसाठी त्यांनी मन घट्ट केलं होतं.

“म्हंजी बाई न्हवती?” तिनं विचारलं.

“कोण बाई?” गुरुजींनी विचारलं.

“छपराखाली बाई बसली म्हणल्ते ना तुमी? म्या दाराआडून ऐकल्तं. म्हणलं, त्यानं तिथं दुसरी केली. अकरा वर्सं म्या त्याला मनातल्या मनात शिव्या देऊन राह्यले, गुरुजी. एक दीस त्याच्यासाठी रडले न्हाई.”

आपण एका बाईला आशा दिली आणि दुसरीला अडकवून ठेवलं, एवढाच हिशेब गुरुजींनी वाटेत मांडला होता. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना तिच्याकडं बघवेना.

“कोण, गुरुजी आलेत का?” आतून चांगुणाबाईचा आवाज आला. “काय म्हंतेत?”

नंदाबाई उठली, पदरानं हात पुसत उंबऱ्यात गेली.

“कागद परत वाचून घेतला म्हंतेत, आत्याबाई. तिथं कुणी बाई न्हवती. त्यो एकलाच होता.”

“मला ठावं हाय,” म्हातारी म्हणाली. “माझं लेकरू तसलं न्हवतंच.” मग तिनं विचारलं, “बराबर वाचलं ना, गुरुजी? एकलाच?”

कागदात तेवढंही नव्हतं. नंदाबाईनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“बराबर आहे, आई,” गुरुजी म्हणाले.