फाइलमध्ये नसलेली मुलगी

मंजुरीचा मेल आला तेव्हा राखी आयसीयूत ड्यूटीवर होती. मोबाइल लॉकरमध्ये होता. दुपारी हँडओव्हर देऊन बाहेर आल्यावर तिनं मेल वाचला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून परत परत वाचला. परीक्षा, कागदपत्रं आणि अर्ज धरून चार वर्षं या मेलची वाट पाहिली होती. तिला, तिच्या नवऱ्याला नवनाथला आणि सात वर्षांच्या साईला कॅनडात कायमचं राहायची परवानगी मिळाली होती. वीस जूनच्या आत तिथं पोहोचायचं, एवढीच अट.

मार्च संपत आला होता. त्या दिवसापासून सातपूरच्या अशोकनगरमधलं त्यांचं घर गोदामासारखं दिसायला लागलं. साईच्या लसींच्या नोंदी इंग्रजीत करून घ्यायच्या होत्या, तिघांचे दात दाखवून घ्यायचे होते, चष्म्यांच्या दोन-दोन जोड्या करायच्या होत्या. वर्षभर पुरेल एवढा काळा मसाला कुटून आणला होता. नवनाथ एका कारखान्यात सीएनसी मशीनवर सेटर होता. त्यानं नोटीस दिली. संध्याकाळी घरी आला की तो हातातल्या वजनकाट्याला बॅग अडकवून उचलायचा, आकडा वाचायचा आणि म्हणायचा, "दीड किलो जास्त. काढ काहीतरी." साई प्रत्येक वेळी आपला लाकडी ट्रक घट्ट धरून बसायचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दार वाजलं. राखीनं उघडलं तर बाहेर एक म्हातारी, खूप वाळलेली, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिच्या मागे एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची, शाळेचं दप्तर पाठीला आणि हातात कपड्यांची पिशवी. राखीनं दोघींना कधी पाहिलं नव्हतं, पण मुलीचं कपाळ आणि भुवया पाहिल्या आणि तिला सगळं कळलं.

नवनाथचं आधी एक लग्न झालं होतं, नामपूरच्या हर्षालीशी. ते दोन वर्षंही टिकलं नाही. मुलगी वर्षाची असताना हर्षाली तिला घेऊन माहेरी गेली, पुढे रीतसर घटस्फोट झाला. हे राखीला लग्नाआधीच सांगितलं होतं. गेल्या वर्षी हर्षाली डेंग्यूनं गेली. नवनाथ एका दिवसासाठी नामपूरला जाऊन आला. एकटाच परत आला. राखीनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

म्हातारी म्हणजे हर्षालीची आई, लंकाबाई. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. बॅगांकडे, खोक्यांकडे पाहिलं. मग नवनाथला म्हणाली, "हाई तुनी पोर शे, नवनाथ. आते तूच पाह्य."

पुढचं ती त्यांच्याकडच्या बोलीत भराभर बोलत राहिली. राखीला अर्धं समजलं, उरलेलं नवनाथनं खालमानेनं सांगितलं. लंकाबाईला पोटाचा कॅन्सर होता. मालेगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मुलगा आणि सून पोरीला ठेवायला तयार नव्हते. कांदा मार्केटला आलेल्या कुणीतरी सांगितलं, तुमचा जुना जावई परदेशात चालला, म्हणून ती तो जायच्या आत पोचायला निघाली होती.

"किती वाजता निघाला होतात?" राखीनं विचारलं.

"पाचच्या गाडीनं," मुलगी म्हणाली. तिचं नाव साक्षी. "आजीला सटाण्याला बस बदलताना उलटी झाली."

लंकाबाईनं चहा घेतला, भाकरी नको म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवला, पण जवळ घेतलं नाही. साक्षी गॅलरीत उभी राहून आजीची रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत होती. मग आत आली आणि तिनं विचारलं, "मावशी, माझी पिशवी कुठं ठेवू?"

राखीला पहिल्यांदा आठवली ती कॉलेज रोडवरच्या एजंटची केबिन. दीड वर्षापूर्वी तिथं बसून त्यांनी फॉर्म भरला होता. अर्जदार राखी होती, गुण तिचेच जास्त होते. 'तुमची आणि जोडीदाराची सर्व मुलं, सोबत येणारी आणि न येणारी,' असा एक रकाना होता. नवनाथनं साईच्या नावाखाली साक्षीचं नाव लिहिलं. एजंट म्हणाला, "हिची पण मेडिकल लागेल बरं का. आणि तिच्या आईची सही. आई देईल?"

नवनाथ म्हणाला, "जाऊन विचारतो. देईल ती."

त्याच महिन्यात राखीला पस्तिसावं वर्ष लागणार होतं. वय वाढलं की गुण कमी होणार होते. तिनं विचारलं, "नाव नाही टाकलं तर?"

"मुलगी तुमच्याकडे राहत नाही ना? मग कशाला अडकताय. नंतर बोलावता येईल."

"राहू द्या मग," राखी म्हणाली. नवनाथनं पेन खाली ठेवलं. तिच्या पेनानंच ते नाव खोडलं गेलं आणि एजंटनं दुसरा कोरा फॉर्म काढला.

लंकाबाई येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी दोघं पुन्हा त्या एजंटकडे गेले. त्यानं खुर्चीत मागे रेलून ऐकून घेतलं.

"आता नाव घालता येणार नाही का?" नवनाथनं विचारलं.

"घालता येईल. म्हणजे तुम्ही खोटी माहिती दिली होती हे तुम्हीच कळवायचं. फाइल थांबेल. नामंजूर झाली तर पाच वर्षं परत अर्ज नाही."

"आणि आम्ही आधी जाऊन मग तिला बोलावलं तर?"

"नाही येत बोलावता. जिचं नाव तेव्हा दिलं नाही, तिला नंतर आणता येत नाही."

"तुम्ही तर म्हणाला होतात..." राखी म्हणाली.

"मॅडम, सही तुमची आहे." त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तिथं उतरल्यावर अधिकारी विचारतो, आणखी मुलं आहेत का. नाही म्हणायचं. बस. गावाकडं कोणी नातेवाईक असतीलच की तुमचे."

परतताना त्र्यंबक रोडच्या सिग्नलला नवनाथ म्हणाला, "मनमाडला वाल्मीक आहे." वाल्मीक म्हणजे त्याचा मावसभाऊ, रेल्वेत नोकरीला. "त्यांना मुलगी नाही. बघतो विचारून."

मे संपेपर्यंत साक्षी त्यांच्या घरी राहिली. तिनं काही मागितलं नाही. सकाळी लवकर उठून आंघोळ करायची, आपलं अंथरूण घडी करून पिशवीच्या शेजारी ठेवायची. दोन दिवसांत तिला घरातली सगळी खोकी पाठ झाली. राखीनं "चाळणी कुठं गेली?" म्हटलं की ती सांगायची, "निळ्या बॅगेत, उजव्या बाजूला, साईच्या स्वेटरखाली." साई तिला दीदी म्हणायला लागला होता. दोघं खोक्यांमधल्या जागेत बसून ट्रक चालवायचे.

निरोपाला लोक यायचे. हॉस्पिटलच्या मैत्रिणी आल्या त्या दिवशी साक्षीनं सगळ्यांना सरबत दिलं. एकीनं विचारलं, "ही कोण गं?"

"यांच्या गावाकडची. भाची," राखी म्हणाली.

साक्षीनं रिकामे ग्लास गोळा केले आणि आत नेले. आतून नळाचा आवाज येत राहिला. मैत्रिणी जाईपर्यंत ती बाहेर आली नाही.

साई मात्र सरळ विचारायचा. "आपल्या तिघांची तिकिटं आलीत. दीदीचं कधी येणार?" नवनाथ त्याच्यावर खेकसायचा. एकदा त्यानं साईला मारलंही. नवनाथ असा नव्हता. पहिल्या आठवड्यात तो साक्षीला जवळ बसवून तिच्या शाळेचं विचारायचा, तिच्यासाठी सँडल घेऊन आला होता. मग हळूहळू त्यानं तिच्याकडे बघणं सोडलं. ती खोलीत आली की तो गॅलरीत जायचा. राखीला तो एकदा म्हणाला, "सवय लावून काय उपयोग? तिलाही त्रास आणि आपल्यालाही."

वाल्मीक हो म्हणाला. जून लागल्यावर पहिल्या शनिवारी साक्षीला मनमाडला पोचवायचं ठरलं. नवनाथनं सांगितलं, त्याला कारखान्यात हिशेब पुरा करायला जायचं आहे. खरं तर त्याची शेवटची ड्यूटी होऊन आठवडा झाला होता. राखीला ते माहीत होतं. ती एकटीच साक्षीला घेऊन नाशिकरोडवरून गाडीत बसली.

गाडीत तिनं साक्षीला सांगितलं, की मनमाडची शाळा चांगली आहे, काका-काकू प्रेमळ आहेत, आम्ही व्हिडिओ कॉल करू. साक्षी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. निफाड गेल्यावर तिनं विचारलं, "आजीला कळवलंय का?"

"कळवू."

"नका कळवू," साक्षी म्हणाली. "तिला वाटतंय मी पप्पांकडे आहे."

वाल्मीकचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. त्याची बायको तोंडानं गोड होती, पण पक्की होती. तिनं साक्षीची झोपायची जागा दाखवली. स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीपलीकडे एक चटई मावेल एवढी. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, एक विचारते. उद्या शाळेत दाखल करायला गेलो, काही आजारपण निघालं, तर सही कोणाची चालायची? आम्हाला कागद काहीतरी लागेल. ही तुमची मुलगी, असा काही कागद आहे ना तुमच्याकडं?"

"नाही," राखी म्हणाली.

"मग कागदोपत्री तुमची कोण लागते ही?"

राखी म्हणाली, "कागदोपत्री कोणीच नाही."

तिला एवढंच सांगायचं होतं, की तसा कागद नाही. पण तोंडातून जे गेलं ते गेलं. साक्षी दाराशी बसून ताटं पुसत होती. तिनं ताटं एकावर एक ठेवली, उठली आणि दप्तर कोपऱ्यात नीट लावून ठेवलं. राखी निघाली तेव्हा ती बाहेर आली आणि वाकून तिच्या पाया पडली, घरी आलेल्या पाहुण्यांच्या पडतात तशी.

"नीट जा, मावशी," ती म्हणाली.

स्टेशनच्या पुलापर्यंत राखी चालत गेली. पुलावर ती थांबली. आयसीयूत तिनं अकरा वर्षं काढली होती, माणसं मरताना पाहिली होती, त्यांच्या नातेवाइकांना सांगायला तीच पुढे व्हायची. पण अशी मध्येच कधी थांबली नव्हती. कठड्याला धरून ती उभी राहिली, आणि तिची गाडी खालून निघून गेली. मग ती मागे वळली.

वाल्मीकच्या दारात तिनं एवढंच म्हटलं, "साक्षी, पिशवी घे."

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दोघींना पाहून नवनाथ उभाच राहिला. राखीनं चपला काढल्या, लॅपटॉप उघडला आणि कॅनडाच्या व्हिसा ऑफिसला मेल लिहायला बसली. नवऱ्याला पहिल्या लग्नापासून एक मुलगी आहे, तिचं नाव साक्षी, ते आम्ही जाणूनबुजून दिलं नाही, ते मीच खोडलं होतं. इंग्रजी नीट करत बसली नाही. पाठवून झाल्यावर तिनं नवनाथला सांगितलं.

त्याला आधी समजलंच नाही. मग त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवून वाचलं.

"मी लिहिलं होतं तिचं नाव," तो म्हणाला. "तेव्हा तूच खोडलंस. तेव्हा मला विचारलं नाहीस, आजही विचारलं नाहीस."

"हो."

"नोकरी गेली माझी. चाळिशीत कोण घेणार मला? साईचं काय करायचं ठरवलंस? घरात भाडेकरू येणार आहे पंधरा तारखेला."

"मला जमलं नाही, अहो."

"मला जमत होतं!" तो ओरडला. "माझी मुलगी आहे ती, आणि मी जमवलं होतं!" मग तो खाली बसला आणि बॅगांमध्ये तोंड लपवून रडला. स्वयंपाकघरात साक्षीनं साईचे कान दोन्ही हातांनी झाकले होते.

दहा दिवसांनी उत्तर आलं. प्रवास करू नका, खुलासा पाठवा. राखीनं दुसऱ्या एका वकिलाकडून खुलासा करून घेतला, साक्षीच्या जन्माचा दाखला काढून आणून जोडला, हर्षालीच्या मृत्यूचा दाखला जोडला. वकील म्हणाला, आपणहून कळवलंय, कदाचित धरतील विचारात. वीस जून आली आणि गेली. भाडेकरूनं ठरलेला करार मोडायला नकार दिला, म्हणून ते त्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. ऑक्टोबरमध्ये निकाल आला. अर्ज नामंजूर, पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

राजीनामा दिलेल्या राखीला हॉस्पिटलनं परत घेतलं, पण नव्यानं, जनरल वॉर्डात. नवनाथला चाकणला काम मिळालं. तो पंधरा दिवसांनी रविवारी येतो, साईला फिरायला नेतो, जेवतो आणि जातो. साक्षीच्या शाळेच्या फीबद्दल, वह्यांबद्दल तो विचारतो. राखीशी कामापुरतं बोलतो. एका रविवारी ती म्हणाली, "असं किती दिवस?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. तुझा राग येतो म्हणून नाही. तुला पाहिलं की मी काय करायला निघालो होतो ते दिसतं."

लंकाबाई जानेवारीत गेली. तोपर्यंत नात बापाच्या घरी आहे हे खरं झालेलं होतं. राखी साक्षीला घेऊन नामपूरला गेली, साईलाही नेलं. दहाव्याच्या दिवशी बायका अंगणात बसल्या होत्या. साक्षीची मामी रडून झाल्यावर म्हणाली, "इथंच राह्य आता. तुझंच घर हाय." तिला आता घरात कामाला कोणीतरी हवं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

साक्षीनं राखीकडे पाहिलं नाही. "नको," ती म्हणाली. "शाळा बुडते."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. साक्षी आणि साईला पुढच्या सीटवर जागा मिळाली, राखीला मागे, एका अनोळखी बाईशेजारी. त्या बाईनं पुढे बघत विचारलं, "दोन्ही तुमचीच का?"

राखी हो म्हणाली. साक्षीला ते ऐकू गेलं की नाही, तिला कळलं नाही. सटाणा मागे पडलं. साई झोपून साक्षीच्या खांद्यावर कलला, तशी तिनं खिडकी बंद केली.