काजळ्याचा काळा कान

मित्रांनो, मी शाईने काढलेला एक म्हातारा कुत्रा आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, डावीकडे तोंड करून बसलो आहे. अंग पांढरे, दिसतो तो कान काळाभोर. चाळीस वर्षांत या बसण्यातून मी एकदाही उठलेलो नाही. तरीही मी नद्या ओलांडल्या आहेत, डोंगर चढलो आहे आणि तुमच्यासारख्या हजारो मुलांच्या उशाशी झोपलो आहे. हे कसे झाले, याचे नवल मला अजून वाटते.

दोन बहिणींनी मला घडवले. थोरलीला सगळे ताई म्हणतात आणि धाकटीला धाकटीच म्हणतात, तिचे केस पिकले तरीही. मुलांच्या एका मासिकात त्यांची चित्रकथा येत असे. तिच्यात एक चिठ्ठीवाली मुलगी होती. हरवलेल्या पत्त्यांवरची पत्रे ती पोचवायची. तिच्या सोबतीला कोणीतरी हवे म्हणून ताईने एका दुपारी मला काढले आणि नाव ठेवले काजळ्या. पुढे कधी विसर पडू नये म्हणून नमुना म्हणून मला शाईच्या दौतीला टेकवून ठेवले.

कामाची वाटणी ठरलेली होती. ताई पेन्सिलीने चित्र काढी आणि जिथे काळे हवे तिथे बारीकशी फुली मारी. धाकटी कुंचल्याने ती फुलीची जागा भरी. दोघी समोरासमोर बसत. मी मधे. पेन्सिल उचलण्याआधी ताई माझ्याकडे एकवार बघे, पूजेला बसल्यासारखी शांत होऊन. मग कोऱ्या चौकटीत मी पळू लागे! माझ्या एका जागी बसण्यातून इतके पळणे कुठून निघते, ते मला कधीच कळले नाही.

चिठ्ठीवाली बोलायची, भांडायची, रडायची. मी कधी बोललो नाही. तरी मुलांना तिच्यापेक्षा मीच जास्त आवडलो, असे मासिकवाले म्हणत. ताई यावर लटके रागावून म्हणायची, "मुलगी राबते आणि नाव या आयतोबाचं!"

मग आमच्यावर चित्रपट काढायचे ठरले. दिग्दर्शिका लहानपणी आमचीच वाचक होती. एका सकाळी ती जुन्या अंकांचा गठ्ठा काखेत मारून घरी आली.

"ताई, कुत्रा मिळालाय. अगदी पांढराशुभ्र. कान तेवढा रंगवायचाय. कुठला, डावा की उजवा?"

"डावा. यात विचारायचं काय?" ताईने मला उचलून तिच्यापुढे धरले. "हा काय, दिसत नाही?"

"दिसतो ना. पण मग हा बघा." तिने एक अंक उघडला. त्यात मी उजवीकडे धावत होतो आणि माझा उजवा कान काळा होता. मागून डावा कान डोकावत होता, पांढरा. तिने दुसरा अंक उघडला, तिसरा उघडला. मी डावीकडे वळलो की डावा काळा, उजवीकडे वळलो की उजवा काळा.

मित्रांनो, चूक माझ्यामुळे झाली होती. नमुन्यात माझा एकच कान दिसतो. ताईने तेवढेच पाठ केले होते, की दिसतो तो कान काळा. मी जिकडे वळेन तिकडे तिची फुली वळत गेली.

ताईने सगळे अंक मिटून बाजूला सारले. मग तिने दौतीला बूच लावले.

"चित्रपट नको. पुढच्या अंकाची पानंही नकोत. चाळीस वर्षं पोरांना फसवलं मी. ज्या बाईला स्वतःच्या कुत्र्याचा कान ठाऊक नाही, तिनं चित्र कशाला काढावं?"

"अहो, पण आठवड्याभरावर शूटिंग आलंय..."

"चहा घेऊन जा," ताई म्हणाली आणि मला खणात टाकले. पालथे.

खणात गंजक्या टाचण्या होत्या आणि खोडरबराचा चुरा. चार दिवस मी तिथे तोंड खाली करून पडलो होतो. मी आता संपलो, असे मला वाटले. शाईचा कुत्रा रोज कोणीतरी काढला, तरच जगतो. वर टेबलावर बोलणे नव्हते. मात्र धाकटीने नेम मोडला नाही. काम नसताना ती रोज सकाळी वेळेवर येऊन बसे, कुंचला पाण्यात बुडवी, त्याचे टोक नीट करी आणि पुसून ठेवी. तो पाण्याचा आवाज ऐकून मी दिवस मोजत होतो.

पाचव्या दिवशी तिने खण उघडला. मला पुसून दौतीला टेकवले आणि ताईपुढे एक पुठ्ठ्याचे खोके ठेवले.

"हे काय?"

"पोरांची पत्रं. कानाबद्दलची."

"तुला... तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या वर्षापासून. टपाल मीच उघडते ना गं."

"आणि मला बोलली नाहीस? बहीण आहेस की कोण?"

"बोलले असते तर आधीचे सगळे अंक पुन्हा काढायला बसली असतीस. जेवण ना खाण. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?"

ताईचा चेहरा लाल झाला. "मग पोरांना काय कळवलंस? की आमच्या ताईला डावं-उजवं कळत नाही?"

धाकटी हळूच म्हणाली, "एका मुलीनं विचारलं होतं, काजळ्याचा कान इकडचा तिकडे कसा जातो. मी लिहिलं, काळा कान नेहमी तुझ्या बाजूला असतो. त्या कानानं तो तुझं ऐकतो. मला जे दिसलं तेच लिहिलं, ताई. तेव्हापासून जो विचारेल त्याला हेच लिहिते. वाच तरी."

ताईने नाइलाजाने एक पत्र उचलले. मग दुसरे. तिसरे तिने मोठ्याने वाचले. "काजळ्याला सांगा, मी त्याच्या काळ्या कानात एक गोष्ट सांगितली आहे. ती त्याने आईला सांगू नये."

वाचता वाचता तिचा आवाज ओला झाला. मी तर थक्क झालो. मी इथे एका टेबलावर बसलेला, आणि इतक्या घरांतून इतकी मुले इतकी वर्षे माझ्याशी बोलत होती!

ताईने चष्मा पुसला. "आगाऊ कुठली," ती धाकटीला म्हणाली. "ऊठ. साडी बदल. स्टुडिओत जायचंय."

मला दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून त्यांनी नेले. तिथे तो होता. खरा. पांढरा, उबदार, त्याच्या छातीचा भाता हलत होता. ताईने मला त्याच्यासमोर धरले, तेव्हा त्याने मला हुंगले. त्याच्या ओल्या नाकाचा डाग अजून माझ्या कोपऱ्यावर आहे. कोणी तो पुसलेला नाही.

ताई दिग्दर्शिकेला म्हणाली, "नियम लिहून घे. काळा कान नेहमी बघणाऱ्या पोरांच्या बाजूला."

"चालेल! प्रत्येक शॉटला तेवढा एक कान रंगवू." मग ती अडखळली. "पण ताई, शेवटी तो सरळ समोर बघतो. तेव्हा?"

समोरून मला ताईने कधी काढलेच नव्हते. तिने धाकटीकडे बघितले. रागाने नाही, विचारावे तसे.

"समोर बघतो तेव्हा दोन्ही कान पोरांकडेच असतात की," धाकटी म्हणाली.

"मग दोन्ही काळे," ताई म्हणाली. ती पेन्सिल मागून घेऊन तिथेच, एका खोक्यावर टेकून, मला समोरून काढायला बसली. दोन्ही कानांवर तिने फुल्या मारल्या आणि कागद धाकटीपुढे सरकवला.

चित्रपट लागला त्या दिवशी मी ताईच्या मांडीवर होतो. अंधारात माझ्याएवढा नव्हे, घराएवढा काजळ्या धावत होता. शेवटी तो थांबला आणि हळूहळू समोर वळला. माझा दुसरा कान मी जन्मात पहिल्यांदा पुरता पाहिला. तोही काळा होता, सुंदर होता.

सभागृहात पुढच्या रांगेतली मुले खुर्चीत पुढे सरकली. मग कुठेतरी कुजबुज सुरू झाली, आणि बघता बघता सगळीकडे पसरली. मुले पडद्याकडे बघून आपापली गोष्ट त्याला सांगत होती. ताईने धाकटीचा हात घट्ट धरला. मी कागदाचा, पण माझ्या अंगावर काटा आला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची चूक सापडली, तर त्याला माझ्यासारखे खणात पालथे घालू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. जुने अंक रद्दीत टाकू नका, पान उलटताना हात कोरडे असू द्या. आणि मी कुठल्याही पानावर भेटलो, तर थोडे वाका आणि मनातले सांगा. काळा कान तुमच्याच बाजूला आहे.