बापाच्या मापाची काठी

निवृत्तीच्या घरात लुगडं वलणीवर टाकायची जी काठी होती, तशी अख्ख्या बुलढाण्यात कोणाच्या घरी नसेल. विलायती लाकडाची, गुळगुळीत, टोकाकडे निमुळती, बुडाशी पितळेचं कडं. बिलियर्ड खेळायची काठी होती ती, आणि निवृत्तीची माय गोजरबाई रोज सकाळी तिनं ओलं नऊवारी उंच वलणीवर चढवायची. हसू नका. घरात उंच माणूस नसला की लुगडं कशानं तरी चढवावंच लागतं, अन् त्या घरात उंच कोणीच नव्हतं.

काठी निवृत्तीच्या बापाची. उकंडराव पिंपळगाव राजाहून पोट भरायला आला आणि साहेब लोकांच्या क्लबात मार्कर झाला. म्हणजे टेबलाचा गडी. गोळे मांडायचे, गुण ओरडून सांगायचे, साहेबाच्या काठीला खडू लावून द्यायचा, आणि साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचंही. खेळायचा असा की भलेभले हात टेकत. पण मूर्ती ठेंगणी, क्लबातली लांब काठी त्याला पेलेना. तेव्हा एका गोऱ्या साहेबानं दोरा घेऊन पायापासून हनुवटीपर्यंत त्याचं माप काढलं आणि कलकत्त्याहून खास त्याच्या मापाची काठी मागवून दिली. पुढं तो साहेब गेला, इंग्रज गेला, महाराष्ट्रही झाला, काठी तेवढी राहिली. दोन वर्षांमागं म्हातारा गेला तेव्हा शेवटचं हेच बोलला, "काठी निवृत्तीले द्या."

आता या निवृत्तीचं ऐका. मॅट्रिक होऊन तो देऊळगाव राजाला तहसील कचेरीत कारकून लागला. चाकरीवर जायच्या आदल्या दिवशी बापाला म्हणाला, "बाबा, क्लबात मोठमोठे साहेब येतात. तिथं माह्यं नाव नका काढू. मार्करचं पोरगं म्हणतील मले."

उकंडराव म्हणाला, "बरं." खडूनं माखलेली बोटं धोतराला पुसली आणि जेवायला बसला.

म्हातारा गेल्यावर निवृत्तीची बदली बुलढाण्याला झाली. अंगणात पाऊल टाकलं की ती काठी दिसायची, आणि तो मान फिरवायचा. कचेरीतला कोणी घरी येणार असला की आधी ती दाराआड लपवायचा. अशात अर्जुनराव नावाचे डेप्युटी कलेक्टर बदलून आले. एके दिवशी निवृत्ती सहीला कागद घेऊन गेला, तर साहेब कोणाला तरी सांगत होते, "क्लबातल्या सगळ्या काठ्या वाकल्यात हो. चांगली क्यू मिळाली तर मी विकत घेईन."

उचलली जीभ लावली टाळ्याला! निवृत्ती म्हणाला, "साहेब, आमच्याकडे आहे एक. माझ्या मामांची. मोठे जमीनदार होते, फार शौकीन."

साहेब खूश झाले. रविवारी सकाळी क्लबात घेऊन या म्हणाले. निवृत्तीही खूश. साहेबाची मर्जी बसेल आणि घरातली ती लाजही जाईल, असा दुहेरी हिशेब.

घरी मायला सांगितलं. गोजरबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मामा कोणता रे जमीनदार? माह्या भावाले दोन एकर होती, तेबी बरड."

"माय, साहेबाले काही तं सांगा लागते."

"हाव, लागते ना," ती म्हणाली. "काठी तुह्या हवाली केली त्याईनं. इक, नाही तं ठेव. म्या काऊन बोलू?" आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. निवृत्तीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी काठी जुन्या लुगड्यात गुंडाळून तो क्लबात गेला. अर्जुनरावांनी लुगडं सोडलं, काठी हातात घेतली, कड्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही उकंडराव मार्करची काठी आहे, त्यांच्या हनुवटीच्या मापाची. मी नवा नवा नोकरीला लागलो तेव्हा इथंच होतो. या टेबलावर त्यांनीच मला खेळ शिकवला, याच काठीनं. तुमच्या मामांकडे कशी आली?"

निवृत्ती एक पाऊल मागं सरला.

"म्हातारा गेल्यावर घरातून उचलली कोणी? खरं सांगा. नाही तर मला चौकशी करावी लागेल."

बघा आता! बापाची वस्तू पोराच्या हातात, आणि पोरगा चोर. निवृत्ती कसाबसा म्हणाला, "साहेब, मामा-बिमा कोणी नाही. उकंडराव माझे वडील."

"खोटं बोलू नका," अर्जुनराव कडाडले. "उकंडरावांना मूलबाळ नव्हतं. मी स्वतः विचारलं होतं त्यांना, मुलगा असेल तर नोकरीचं बघतो म्हणून. ते म्हणाले, 'नाही साहेब, मले पोरगं नाही.' माझ्या तोंडावर सांगितलं त्यांनी."

निवृत्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं शब्द पाळला होता. नुसतं नाव काढू नका म्हटलं होतं, त्यानं पोरगाच पुसून टाकला होता. आणि आता आपण त्याचे, हे सांगायला त्या क्लबात एक साक्षीदार नव्हता. त्यानं पुढं होऊन साहेबांच्या हातातली काठी घेतली, सरळ जमिनीवर उभी केली आणि तिला लागून उभा राहिला. काठीचं टोक बरोबर हनुवटीला टेकलं. दोऱ्याइतकाही फरक नव्हता.

अर्जुनरावांनी त्याचा चेहरा बघितला, खांदे बघितले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग ते मला असं का म्हणाले?"

"मीच सांगितलं होतं, साहेब. माझं नाव काढू नका म्हणून."

लुगड्याची घडी करून साहेबांनी निवृत्तीच्या हातात दिली. "काठी मला नको," म्हणाले. "घेऊन जा."

निवृत्तीनं लुगडं काखेत मारलं, काठी उघडीच हातात धरली आणि भर बाजारातून निघाला. एसटी स्टँडवर कचेरीतला दयाराम शिपाई भेटला. "काय हो बाबू, हे काय?"

"बिलियर्डची काठी. माह्या बापाची. मार्कर होता तो क्लबात." बोलताना कान लाल झाले होते, पण बोलला.

गोजरबाई अंगणात पिळलेलं लुगडं घेऊन उभी होती. "नाही इकली?"

"नाही." त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माय, बाबानं साहेबाले सांगतलं होतं, मले पोरगं नाही म्हून. तुले माहीत होतं?"

"हाव," गोजरबाई म्हणाली. "त्या दिशी घरी आले तं जेवलेच नाही. म्या इचारलं, काय झालं? तं म्हणे, आज जिवंत पोराले मारून आलो."

मायनं काठीसाठी हात पुढं केला. निवृत्तीनं दिली नाही. तिच्या हातातलं ओलं लुगडं घेतलं, काठीच्या टोकावर धरलं आणि टाचा उंचावून वलणीवर टाकू लागला. पहिल्यांदा ते घसरून त्याच्याच तोंडावर पडलं, आणि त्यानं ते लवकर काढलं नाही.